बाहेर कुणी नव्हतं

टँकरमधलं पेट्रोल संपलं तरी त्याची वाफ आतच राहते, आणि तिला हलवायचं तर रीतसर सात दिवसांची नोटीस द्यावी लागते. नोटीस टाकीच्या झाकणाला चिकटवायची, मुदत संपली की टाकी काठोकाठ पाण्यानं भरून धुवायची आणि मग आत तोंड करून विचारायचं, "कुणी हाय का?" वाफ जड, तळाशी बसणारी. वर येऊन उत्तर द्यायला तिला वेळ लागतो. म्हणून विचारणाऱ्यानं तासभर तिथून हलायचं नाही. तरीही उत्तर आलं नाही, तर वहीत तसं लिहून सही करायची. मगच वेल्डर आत उतरतो.

जयसिंगपूरजवळच्या एका टँकर दुरुस्तीच्या कारखान्यात हा प्रश्न विचारायचं काम धोंडीराम कुंभारांकडे होतं. एकवीस वर्षांत त्यांच्या हातून चूक झाली ती एकच. अकरा वर्षांपूर्वी प्रश्न विचारून ते रस्त्यापलीकडे चहाला गेले. परतले तेव्हा टाकी गप्प होती. त्यांनी 'उत्तर नाही' असं लिहिलं आणि गुरुपाद वेल्डर, त्यांचा एका ताटात जेवणारा दोस्त, आत उतरला. पहिल्याच ठिणगीला टाकी फुटली. तेव्हापासून धोंडीरामांनी चहा सोडला. चहा सोडल्यानं गेलेला माणूस परत येत नाही, हे त्यांनाही कळत होतं.

आज आत उतरायची पाळी गुरुपादच्या धाकट्या भावाची, मल्लाप्पाची होती. कारखान्याचे मालक आप्पासाहेब उतावळ्या नवऱ्यासारखे गुडघ्याला बाशिंग बांधून उभे होते.

"तास झाला की, धोंडीराम. करा सही."

"थांबूया जरा."

"नियम तासाचाच हाय न्हवं?"

"हाय."

"मग?"

धोंडीराम झाकणापाशी स्टूल टाकून बसले होते, ते तसेच बसून राहिले.

"मामा, उतरू का?" मल्लाप्पानं हातमोजे चढवत विचारलं.

"न्हाई."

आणखी एक तास गेला. मग आतून, जिना चढून दमलेल्या बाईसारखा आवाज आला. "हाय मी अजून. तिसऱ्या कप्प्यात."

आप्पासाहेबांनी कपाळाला हात लावला आणि नव्या नोटिशीचा कागद आणायला ते ऑफिसात गेले. मल्लाप्पानं हातमोजे काढून ठेवले.

धोंडीराम झाकणावर वाकले. हा प्रश्न काही नियमात नव्हता.

"गुरुपादच्या येळंला तुमच्यातलं कुणी बोललं कसं न्हाई?"

"बोलली की. माझी थोरली भन हुती ती. 'हाय' म्हनाली. दोनदा म्हनाली. भायेर कुणी न्हवतं."

धोंडीराम परत स्टुलावर बसले. टाकी गप्प होती, एवढाच एक आधार त्यांनी अकरा वर्षं धरून ठेवला होता. आता तोही गेला, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

मल्लाप्पानं सगळं ऐकलं होतं.

"आई अजून टाकीलाच शिव्या देती," तो म्हणाला. "म्हनती, टाकीनं दगा दिला."

"न्हाई रं. टाकीनं न्हाई."

"मग वहीत तसं लिवा, मामा."

जुनी वही ऑफिसच्या कपाटातच होती. धोंडीरामांनी ते पान काढलं. आधीचं काही खोडलं नाही. खाली लिहिलं, 'उत्तर आले होते. ऐकण्यास मी जागेवर नव्हतो.' आणि आजची तारीख घालून सही केली.

वहीतल्या दुरुस्तीला साक्षीदार लागतो. मल्लाप्पानं पेन घेतलं, आपलं नाव लिहिलं आणि आत उतरलेल्याशी असलेल्या नात्याच्या रकान्यात 'भाऊ' असं लिहून वही मिटली. मग दोघांनी मिळून झाकणाला नवी नोटीस चिकटवली.