घरघंटीतली कॉफी

होणाऱ्या विहिणीसाठी आपण स्वतः कॉफी करायची, असं थेन जॉर्गेन्सनने एका शुक्रवारी सकाळी ठरवलं. आयुष्याची साठी जवळ आली तरी त्याने कॉफीचा थेंब जिभेवर ठेवला नव्हता. त्याच्या वडिलांनीही ठेवला नव्हता, आणि डेन्मार्कहून आलेल्या पणजोबांनी म्हणे धर्म स्वीकारल्या दिवशी कॉफीचा कप समुद्रात भिरकावला होता. (हा कप घराण्यात आजही अधूनमधून भिरकावला जातो, आणि दर पिढीत तो थोडा मोठा होतो.)

मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या माणसाला दारू, तंबाखू, चहा आणि कॉफी वर्ज्य. मूळ आदेशात नुसतं 'गरम पेयं' असं आहे. ती म्हणजे चहा-कॉफी, हा खुलासा नंतर वडीलधाऱ्यांनी केला. त्यामुळे गरम चॉकलेट चालतं, गार कॉफी चालत नाही, आणि गार कोला तर इतका चालतो की थेनच्या स्पॅनिश फोर्क गावात कुठल्याही चौकात उभं राहिलं तरी सोड्याचं दुकान नजरेस पडतं. थेन रोज सकाळी गाडीत बसल्या बसल्या बादलीएवढा कोला घेई, त्यात नारळाचं सिरप आणि वर क्रीम. दुपारी दुसरा. संध्याकाळी तिसरा, पण तो लहान, कारण अति करू नये यावर त्याची श्रद्धा होती. एवढं कॅफीन पोटात घेऊन तो कॉफीच्या आहारी गेलेल्या लोकांची मनापासून कीव करी.

त्याची एकुलती एक मुलगी ब्रिंली पुढच्या शनिवारी लग्न करणार होती, तेही मंदिरात. नवरामुलगा ओवेन दोन वर्षांपूर्वीच धर्मात आलेला. त्याची आई रॉबर्टा मात्र नव्हती, आणि मंदिरात फक्त परवाना असलेल्या मॉर्मनांनाच प्रवेश. म्हणजे एकुलत्या एका मुलाचं लग्न लागताना ती विधवा बाई बाहेर बाकावर बसणार होती. ब्रिंलीच्या जिवाला हे फार लागलं होतं. "डॅड, निदान त्यांना सकाळची कॉफी तरी घरात मिळू दे," एवढंच ती म्हणाली, आणि थेनला भरून आलं.

थेनची बायको आर्डिस हिने परवानगी दिली, पण अटींवर. कॉफी मागच्या अंगणात, कॅम्पिंगच्या जुन्या किटलीत करायची, आणि तिच्या स्वयंपाकघरातल्या चमच्यालासुद्धा हात लावायचा नाही. थेनने मान डोलावली. मग कॉफी आणायला तो गावातल्या दुकानात गेला नाही, कारण तिथे सगळे ओळखीचे. शेजारच्या पेसनलाही गेला नाही, कारण तिथे मेहुणी राहते. पार नेफाय गाठून, टोपी डोळ्यांवर ओढून, त्याने एक पाकीट उचललं आणि बटाट्याच्या पोत्याखाली लपवून घरी आणलं.

पाकिटातून निघाल्या बिया. थेन चक्रावला. चॉकलेटची पूड दुधात विरघळते तशीच कॉफीही विरघळते, अशी त्याची समजूत होती. बिया पाण्यात टाकून त्याने बराच वेळ ढवळल्या, त्या ढिम्म विरघळेनात. म्हणजे दळायला हव्यात, हे त्याच्या ध्यानात आलं. आता घरात दळायचं यंत्र एकच: आर्डिसची घरघंटी.

ती घरघंटी म्हणजे त्या घरातलं दुसरं देवघर. संकटकाळासाठी वर्षभराचं धान्य साठवावं, या शिकवणीमुळे जॉर्गेन्सनांच्या तळघरात गव्हाचे डबे छतापर्यंत रचलेले होते, आणि तो गहू आर्डिस स्वतः दळी. घंटीला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे. पण त्या वेळी ती बाहेर गेली होती. थेनने अख्खं पाकीट एकदम घंटीत ओतलं आणि बटण दाबलं. घंटी कण्हली, गुरगुरली, आणि तिने निम्मी कॉफी बाहेर टाकून निम्मी पोटात ठेवली. थेनने वरवर फडकं फिरवलं, खिडक्या उघडल्या आणि काम फत्ते झालं असं समजून कोला आणायला निघून गेला.

रॉबर्टा त्या रात्री टकोमाहून आली. शनिवारी सकाळी थेनने तिला आपल्या हातची कॉफी दिली. (डाळ शिजवावी तशी ती त्याने शिजवली होती.) तिने एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि चव फार वेगळी आहे, इतकंच म्हणाली. त्यानंतर पहाटेच्या हवेत एकटीनेच गाडी काढून पेट्रोल पंपापर्यंत फेरफटका मारायची तिला आवड निर्माण झाली. परत येताना तिच्या हातात कागदी कप असे, आणि चेहऱ्यावर अपराधी भाव.

रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेसाठी पाव नेण्याची पाळी नेमकी जॉर्गेन्सनांची होती. आर्डिसने शनिवारी संध्याकाळी गहू दळला आणि चार पाव भाजले. गव्हाचा पाव मुळातच तपकिरी, त्यात तिने मध घातलेला. आज जरा जास्त खरपूस झालाय, असं तिला वाटलं, पण तिने दोष ओव्हनला दिला.

पावाचे तुकडे मोडले गेले, त्यांवर प्रार्थना झाली, आणि ताटं रांगांतून फिरू लागली. इतर चर्चमधल्या वाइनच्या जागी इथे पाणी असतं, त्यामुळे कुणाला काही चुकण्याची भीती नसते. थेनने डोळे मिटून तुकडा खाल्ला. शेजारी रॉबर्टा बसली होती. पाहुणी म्हणून तिनेही एक तुकडा घेतला, चघळला, पुन्हा चघळला, आणि त्याच्या कानाशी लागली.

"थेन, तुम्ही लोक कॉफी पीत नाही म्हणता, मग पावात घालता का?"

थेनला घरघंटी आठवली. त्याने सभागृहभर नजर टाकली. सगळी वस्ती शांतपणे चघळत होती आणि एकाच्याही चेहऱ्यावर शंका नव्हती. असणार कशी? ओवेन त्या रविवारी त्याच्या स्वतःच्या वस्तीच्या चर्चला गेला होता. कॉफीची चव ओळखणारं माणूस त्या सभागृहात एकच होतं, आणि ते नेमकं त्याच्या शेजारी बसलं होतं. लहान मुलं हात पुढे करून आणखी मागत होती. नंतर त्यांच्या वर्गात शिक्षिकेला म्हणे त्यांना खुर्च्यांवरून खाली उतरवता उतरवता घाम फुटला.

आता खरी गोची पुढे होती. थेनच्या मंदिर-परवान्याची मुदत गेल्या महिन्यात संपली होती, आणि तो नवा करून घेण्यासाठी बिशपांनी त्याच दुपारी मुलाखतीला बोलावलं होतं. मुलाखतीत बिशप विचारणार, आरोग्याचा नियम पाळता का? हो म्हणावं तर पोटात कॉफी, नाही म्हणावं तर परवाना नाही. आणि परवाना नाही तर मुलीच्या लग्नाला रॉबर्टाशेजारी बाकावर. गेली पंचवीस वर्षं तो हे लग्न मनात बघत आला होता. 

बिशप ऑस्लर आठवडाभर टायरचं दुकान चालवत आणि रविवारी वस्तीचा आत्मा सांभाळत. त्यांच्या टेबलावर कोल्याचा भलामोठा पेला होता, आणि त्याच्या शेजारी उरलेला अर्धा पाव, लोण्यासकट.

"आर्डिसच्या हाताला आज काय चव होती, ब्रदर जॉर्गेन्सन," बिशप तोंडात घास असतानाच म्हणाले. "हा चौथा तुकडा. हात थांबतच नाही."

"बिशप, त्यात कॉफी आहे."

बिशप थांबले. घास गिळावा की टाकावा हे त्यांना ठरवता येईना. शेवटी कोल्याच्या घोटाबरोबर त्यांनी तो आत लोटला आणि सगळी हकिकत ऐकून घेतली.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला आणि विहीणबाईंना."

"त्या आपल्यातल्या नाहीत. म्हणजे तुम्ही एकटेच."

"आता तुम्हीही."

एवढी गोष्ट आपल्याला सांगितलीच नसती तर बरं झालं असतं, असं बिशपांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. ते उठले, खिडकीपाशी गेले, पुन्हा येऊन बसले. मग त्यांनी सावकाश निवाडा दिला. आदेश पेयांबद्दल आहे आणि पाव हे पेय नव्हे. शिवाय तो थंड झालेला होता. शिवाय केकमधल्या व्हॅनिलात अल्कोहोल असतं ते ओव्हनमध्ये उडून जातं, हे सगळ्या बायका मान्य करतात.

"कॉफीही उडते का?" थेनने विचारलं.

"मला माहीत नाही, आणि तुम्ही शोधायला जाऊ नका. घरघंटी तेवढी आजच्या आज स्वच्छ करा." बिशपांनी पाव हळूच खणात सरकवला. (कचऱ्याच्या टोपलीत नव्हे, खणात.) "तुम्ही जाणूनबुजून काही घेतलं नाहीत. तुमचं मन स्वच्छ आहे ना?"

इथे थेनने नुसतं हो म्हणायला हवं होतं. पण सुटकेच्या आनंदात माणसाला उदारपणाचा झटका येतो. तो म्हणाला, "मन पूर्ण स्वच्छ व्हावं म्हणून मी लग्नापर्यंत कोला सोडतो."

बिशप दचकले. त्याची काही गरज नाही, कोल्याला कुठेही मनाई नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं आणि स्वतःचा पेला टेबलाखाली घेतला. पण थेनला आता चेव आला होता. संपूर्ण वस्तीनेच, असं काहीतरी तो बोलायला लागला, तेव्हा बिशपांनी घाईघाईने परवान्यावर सही ठोकली आणि त्याला दारापर्यंत पोहोचवलं. परवान्याला लागणारी वरिष्ठांची दुसरी सहीसुद्धा बुधवारी मिळाली.

सोमवारी थेनचं डोकं दुखू लागलं. मंगळवारी ते दोन्ही बाजूंनी दुखलं. बुधवारी तो मोजे घालता घालता पलंगावर आडवा झाला. आर्डिस म्हणाली, अरे, एक ग्लास घे, देव काही म्हणणार नाही. पण ही आपल्या श्रद्धेची कसोटी आहे, असं थेन जांभया देत भेटेल त्याला सांगत सुटला होता, आणि आता माघार घेतली तर नाक कापलं गेलं असतं. गुरुवारी तो सोड्याच्या दुकानाच्या रांगेत गाडी उभी करून काही न घेता नुसता वास घेऊन आला.

शनिवार उजाडला. रॉबर्टा निळा पोशाख घालून मंदिराबाहेरच्या बाकावर बसली. आत जाताना थेनने तिचा हात हातात घेतला आणि मी तुमच्यासाठीही नीट बघून येतो, असं वचन दिलं.

आत सगळं शुभ्र होतं. गुबगुबीत खुर्च्या, मंद उजेड, समोरासमोरच्या आरशांत दूरवर गेलेल्या असंख्य ब्रिंली आणि असंख्य ओवेन. सगळे कुजबुजत्या आवाजात बोलत होते. विधी करणारे आजोबा फार वृद्ध होते आणि एकेक शब्द अंगाईसारखा हळुवार उच्चारत होते. "प्रिय ओवेन आणि प्रिय ब्रिंली," ते म्हणाले. थेनच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आवरण्यासाठी त्याने डोळे क्षणभर मिटले.

आर्डिसने त्याला हलवलं तेव्हा लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. तू माझ्या खांद्यावर डोकं टेकलंस, मला वाटलं भारावून गेलास, म्हणून मी हललेदेखील नाही, असं ती डोळे पुसत म्हणाली. थेनने समोर पाहिलं. त्याच्या मुलीचं लग्न झालेलं होतं.

बाहेर रॉबर्टा बाकावरून उठून धावतच आली. "सांगा ना," ती म्हणाली. "ओवेनचा चेहरा कसा होता? रडला का तो? काहीही गाळू नका. मी इथे बसून एकेक मिनिट मनात बघत होते."

थेनने तोंड उघडलं. परवान्याच्या मुलाखतीत सगळ्या व्यवहारांत प्रामाणिक असल्याचं त्याने नुकतंच सांगितलं होतं. छान होतं, तो म्हणाला. शांत. आरसे होते.

रॉबर्टाने त्याच्याकडे निरखून पाहिलं. त्याच्या डाव्या गालावर आर्डिसच्या खांद्यावरची लेस फुलापानांसकट उमटली होती. 

"म्हणजे तुम्हीही बाहेरच होतात की," ती म्हणाली, आणि बाकावर बसून सरकत तिने त्याला जागा करून दिली.