दिवस तासायची पाती

रंध्याची पाती घ्यायची तर विश्वास कोणावर ठेवावा? डब्यावर छापणाऱ्यावर, दुकानात विकणाऱ्यावर, की सहा महिने वापरून बसलेल्यावर? सागझरीत हा प्रश्न सगळ्या गावाचा असतो, कारण तिथले दिवस जाडी रंध्यावर, म्हणजे फळी एकसारख्या जाडीची करणाऱ्या मशीनवर, तासून मगच वापरायला काढतात.

दर सोमवारी जिल्ह्याहून ट्रक येतो. त्यात पुढच्या आठवड्याचे सात दिवस फळ्यांसारखे रचलेले असतात. ओबडधोबड, कुठला पंचवीस तासांचा, कुठला सव्वीसचा, उन्हाळ्यातल्यांना गाठी फार. शालिकराम वाढई ते मशीनमधून काढतो आणि बरोबर चोवीस तासांवर आणतो. त्याचे वडील हेच काम हातरंध्याने करत. तेव्हाचे दिवस खडबडीत असले तरी भरीव असत, असं म्हातारी माणसं सांगतात. म्हातारी माणसं सागवानाबद्दलही तेच सांगतात.

मागच्या दिवाळीनंतर एका बुधवारात खिळा निघाला. कोणी तरी त्या दिवसावर काही टांगलं असणार. मशीनच्या तिन्ही पात्यांना तो एकाच जागी लागला आणि तिन्हींना खाच पडली. खाच पडली की तेवढ्या जागेचं लाकूड तासलं जात नाही, फळीवर बारीक रेघ उभी राहते. सागझरीच्या दिवसांवर ती दुपारी चार वाजून दहा मिनिटांवर उभी राहू लागली. घड्याळं चार-दहावर थांबायची, सात मिनिटं जायची, मग घड्याळं पुढे निघायची. गावाने जुळवून घेतलं. बँकेतला कारकून तेवढा वेळ हाताची घडी घालून बसे, आणि कोणी रांगेत कुरकुर करत नसे.

शालिकरामचा थोरला भाऊ तुळशीराम रस्त्यापलीकडे राहतो. वाटणीच्या वेळी त्याने पाच माणसांसमोर सांगितलं होतं की यापुढे एकही दिवस मी याच्याशी बोलणार नाही. बोलल्याला जागणारा माणूस. अकरा वर्षं बोलला नाही. आई गेली तेव्हा दोघांनी शेजारी-शेजारी खांदा दिला, पण ‘जरा सावकाश’ एवढंही त्याने तिसऱ्याच्या तोंडून वदवलं.

रेघ उभी राहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी चार-दहाला तो रस्ता ओलांडून आला. भिंतीवरचं घड्याळ त्याने नीट पाहिलं.

“हे कोणत्या दिवसात धरत नाहीत ना?”

“नाही,” शालिकराम म्हणाला. “वरचं आहे.”

“मंग बोलाले हरकत नाही. काऊन बे, इतका वाळला?”

तेव्हापासून रोज सात मिनिटं. भांडण नेमकं कशावरून झालं हे शोधण्यातच दोन महिने गेले. घड्याळ हललं की तुळशीराम अर्धं वाक्य तोंडात ठेवून उठे आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच धरे.

मग नोटीस आली. दिवस पुरवठा कार्यालयाच्या निमगडे मॅडमनी हिशेब मांडला होता: रोजची सात मिनिटे जादा वापर, महिन्याला साडेतीन तास. आठ दिवसांत टिकाऊ पाती बसवावीत.

शालिकराम गेला तो उद्धवराव बोरकुट्यांच्या हत्यारांच्या दुकानात. बोरकुटे चौथीपर्यंत शिकलेले, पण लोखंडाला अंगठा लावून ते कुठल्या भट्टीचं हे सांगत. त्यांनी तीन डबे काढले. साधं पोलाद दोन-चार दिवसांत बोथटतं, मग दिवसावर कुसळं राहतात. शेजारच्या गावाने ते बसवलं तेव्हा लोकांच्या बोटांत दुपारची कुसळं शिरायची, ती चिमट्याने काढावी लागत. कार्बाइडकडे चार-पाच वर्षं पाहायला नको, पण खिळा लागला तर तुकडाच उडतो, आणि धार लावायला नागपूरला पाठवावं लागतं. तिसरं हायस्पीड स्टील.

शालिकरामने आवाज खाली आणून विचारलं की लवकर खाच पडेल असं यातलं कोणतं.

बोरकुट्यांनी चहाचा कप खाली ठेवला. तीस वर्षांत असं कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी सगळी हकीकत काढून घेतली, तुळशीरामासकट.

“मुद्दाम खिळा घालशीन, तर तो गावाच्या दिवसात घालशीन,” ते म्हणाले. “त्या दिवशी कोणाचं बाळंतपण असते.”

“मंग भाऊ गेला म्हणून समजू काय?”

तासलेलं कुठे जातं, हे बोरकुट्यांनी विचारलं. पोत्यात भरून, वजन करून जिल्ह्याला परत, असं शालिकरामने सांगितलं. मग पडतं कसं, भुगा की पापुद्रा? शालिकरामला हे कोणी विचारलं नव्हतं. त्याने आठवून पाहिलं. अलीकडे भुगाच.

“तासलेलंही चोवीस तासांच्या वरचंच. पण कार्बाइडचाही भुगाच पडते,” बोरकुटे म्हणाले. “भुग्यात एक शब्दही मावत नाही. हायस्पीडची धार ताजी असली, तर सात मिनिटं एका सलग गुंडाळीत निघतीन. पण दर आठ दिवसांनी दगडावर बसा लागते बाबा. हात भरून येतीन.”

शालिकरामने हायस्पीडचा डबा उचलला.

निमगडे मॅडम तपासणीला आल्या. परिपत्रकात टिकाऊ म्हणजे कार्बाइड, हे त्यांनी बोट ठेवून दाखवलं. शालिकराम म्हणाला की त्याचा एकदा तुकडा उडाला की ते गेलं, आणि हे तीस वेळा धार लावून पुन्हा बसतं, मग टिकाऊ कोणतं? त्यांनी ते लिहून घेतलं. मग त्याने न विचारताच सांगितलं की रोज एक गुंडाळी तो ठेवून घेणार आहे, पोतं तेवढं हलकं भरेल.

“कारण काय लिहाल?”

“भावाशी बोलणे.”

मॅडमनी त्याची नोंदवही उलटून पाहिली. घट या रकान्यात जागा होती. गुंडाळी त्याच आठवड्यात वापरावी, पुढे साठवू नये, अशी अट घालून त्यांनी शिक्का मारला.

नवी पाती बसल्यावरचा पहिला दिवस आरशासारखा निघाला. चार-दहा झाले आणि लगेच चार-अकरा झाले. तुळशीराम आपल्या ओसरीवर उठून उभा राहिला, घड्याळाकडे पाहून परत बसला. शालिकराम रस्ता ओलांडून गेला आणि त्याने गुंडाळी ओसरीवर उलगडली. तुळशीरामने तिची दोन्ही टोकं चाचपली. तोंड उघडलं नाही. चोरलेला वेळ असेल तर तो दिवसातलाच, आणि दिवसात बोलायचं नव्हतं. शालिकरामला ते कळलं. त्याने वहीतली शिक्क्याची नोंद पुढे धरली.

तुळशीरामने ती दोनदा वाचली. मग चटईवर सरकून जागा केली.

“गुडघा लय दुखते रे,” तो म्हणाला.

तुमच्या गावचे दिवस कोण तासतं, ते तुम्हाला ठाऊक. पोत्यात जे भराल आणि जे ठेवून घ्याल, ते दोन्ही खरं लिहा, एवढी विनंती आहे.