पिवळा, जांभळा आणि लाल : ढाणकीचे रोधकयुद्ध

श्रोतेजन सकळगुणमंडित, अखंडित-चहाप्राशनदक्ष, यांचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे, मौजे ढाणकी, परगणे उमरखेड, सरकार यवतमाळ, येथील पेठेत भर दुपारी जे रण माजले, त्याचे वर्तमान लोक टपरीवर मीठमिरची लावोन सांगतात, सबब खरे काय जाहाले ते, कोणाची भीडमुर्वत न धरिता, येथे लिहिले असे.

पेठेत राजश्री प्रफुल्लराव यांचे साउंड दुरुस्तीचे दुकान. सोल्डरची सळई हाती घेतली म्हणजे राव मोठे शूर, परंतु चुकलो ऐसा शब्द त्यांचे मुखातून कोणी ऐकिला नव्हता. कुटुंब रंजिताबाईसाहेब, त्यांजकडे सुटे भाग निवडोन डब्यांत लावण्याचा कारभार. ऐसे असता बंजाऱ्यांच्या तांड्याहून हिरासिंग नाईक मोटारसायकलीवर ॲम्प्लिफायर, माइक आणि कर्णा बांधोन दौडत आले. सांजेस कन्येचे लग्न, वऱ्हाड मारेगावाहून निघालेले, बँडवाल्यांस नकार कळविलेला, आणि यंत्र मुके. रावांनी अभय दिले, आणि मग पेटी उघडोन पाहातात तो आत एक रेझिस्टर मधोमध तडकलेला.

रेझिस्टर म्हणजे रोधक, विजेचा लोंढा अडविणारा किल्लेदार. देह धान्याच्या दाण्याएवढा, म्हणोन अंगावर आकडे न लिहिता रंगाचे पट्टे ओढितात. पहिले दोन पट्टे आकडे सांगतात, तिसरा पट्टा पुढे शून्ये किती ते सांगतो, आणि सोनेरी पट्टा शेवटास राहातो. पिवळा म्हणजे चार, जांभळा म्हणजे सात, येथवर रावांची मोहीम निर्वेध चालली. तिसऱ्या पट्ट्यास त्यांनी कत्थई, म्हणजे तपकिरी, म्हटले. कत्थईचे एक शून्य, सबब चारशे सत्तर ओहम ऐसा निवाडा करोन, त्या डबीतला नवा किल्लेदार ठाण्यावर बसविला आणि बटण दाबिले.

किल्लेदार क्षणात धुरास मिळाला. हिरासिंग स्टुलावरोन उठले. शेजारचा पानवालाही डोकावला. मग रावांनी कुटुंबावर तोफ डागिली, "रंजिता, तू डबीत माल मिसळवला!"

"मी कायले मिसळवीन? तुमी वाचलं का नीट?"

"पिवळा, जांभळा, कत्थई."

"कत्थई कुठी हाय? लाल हाय तो! दोन शून्यं. चार हजार सातशे."

मीटर लावोन तंटा मिटवावा, तो मीटर स्वतः दुरुस्तीस उमरखेडास गेलेले, आणि तडकलेला रेझिस्टर मोजोनही काही सांगणार नव्हता. मग बाईसाहेबांनी चारशे सत्तर आणि चार हजार सातशे, ऐशा दोन्ही डब्यांतले एकेक रेझिस्टर तळहातावर ठेवोन रावांपुढे धरिले, आणि यांत भेद सांगावा ऐसे फर्माविले. रावांनी उजेडात नेले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. दोन्ही जुळे भाऊ. बाईसाहेबांचा राग त्याच क्षणी उतरला. त्यांस उमगले, की धनी हट्ट करीत नाहीत, त्यांस खरेच दिसत नाही. गिऱ्हाइकादेखत शोभा नको म्हणोन त्यांनी मूठ मिटोन, उजेड कमी हाय, ऐसी सबब काढिली.

येथे राव अडले. सबब घ्यावी तर अब्रू राहाते, परंतु मग रंगाचा निवाडा पुन्हा आपणच करावा लागतो, त्याने नाईकांचे यंत्र जळते, आणि तांड्यात लग्न मुके लागते. हिरासिंग तर दाराशी हात जोडोन उभे. शेवटी राव हळूच बोलिले, "उजेड नाई कमी. मले दोन्ही सारखेच दिसून राह्यले. तूच दे लाल."

पेठेत ऐसी शरणागती पूर्वी जाहाली नव्हती. हिरासिंगांस विश्वास न येऊन त्यांनी आपले पागोटे पुढे केले, "भाऊ, याचा रंग सांगा बरं."

"कत्थई."

"अरे बाप्पा! माह्या लग्नापासून लालच बांधून राह्यलो ना मी!"

मग बाईसाहेबांनी पिवळा, जांभळा, लाल ऐसा मोठ्याने उच्चार करोन चार हजार सातशेचा रेझिस्टर दिला, रावांनी तो सळईने सफाईदार जोडिला, आणि बटण दाबिताच धूर नाही, वास नाही, केवळ मंद गुणगुण. रावांनी कुटुंबाकडे पाहिले, बाईसाहेबांनी पदर तोंडास लाविला. डब्या निम्म्या आणि सळई निम्मी, पुढील कारभार दोघांनी मिळोन करावा, ऐसा तह नजरेनेच जाहाला.

हिरासिंगांस हर्ष मावेना. तपासणीकरिता त्यांनी माइक हाती घेतला, आवाज पुरता वाढविला आणि कर्णा बाजाराकडे करोन गर्जना केली, "हॅलो, हॅलो! परफुल्लभाऊले लाल दिसत नाई, पण मशीन एक नंबर केली!"

भाजीवाल्यांपासोन एस.टी. थांब्यापर्यंत अवघी पेठ हसली. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहाली. ते समयी प्रफुल्लरावांची मुद्रा कोणत्या रंगाची जाहाली, हे त्यांस आरशात पाहोनही कळते ना, सबब रंजिताबाईसाहेबांचे साक्षीवरोन येथे नमूद केले असे, की लाल.