पोरांच्या शेजारचं टेबल

लोणावळ्यातल्या चांगल्या हॉटेलात शिरल्यावर शहाणी माणसं खिडकीजवळची जागा मागतात. आमचे शेजारी हमीदभाई मॅनेजरला विचारतात, "पोरंबाळं कुटं बसल्यात? त्यांच्या शेजारचं टेबल द्या. रडनारं असलं तरी चालंल."

वडगावात त्यांचं रंगाचं दुकान आहे. घरी एकटेच. रविवारी दुकानाला कुलूप घालतात आणि मला ओढत लोणावळ्याला जेवायला नेतात. जेवणात मात्र त्यांचं लक्ष नसतं. शेजारचं कार्टं चमच्यानं ग्लास बडवायला लागलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात; हे माझा हात दाबतात. "थांबा भाऊ, बघू तरी काय करतंय!"

एकदा एका चिमुरडीनं हात धुवायला आणलेलं लिंबाचं कोमट पाणी चक्क पिऊन टाकलं. आईबापांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हमीदभाईंनी गंभीरपणे चौकशी केली, "मीठ कमी हाय का गं?" ती म्हणाली, "हो." लगेच यांनी वेटरला मीठ आणायला पिटाळलं. मी मेनूकार्डात तोंड खुपसलं.

यंदा मे महिन्यात त्यांची लेक शबाना बंगळूरहून आली, सात वर्षांच्या अयानला घेऊन. नातू हॉटेलात काय काय धुमाकूळ घालील, हे हमीदभाई ती यायच्या आधी आठवडाभर मला रंगवून सांगत होते.

रविवारी अयान हॉटेलात आला, मांडीवर नॅपकिन पसरून ताठ बसला. वेटरला "प्लीज" म्हणाला, "थँक्यू" म्हणाला. मॅनेजर येऊन कौतुक करून गेला. मीही खूश झालो. हमीदभाईंचा चेहरा मात्र उतरला.

"घरात बी असाच बसतो," ते माझ्या कानाशी म्हणाले. "पाव्हन्यावानी. परवा तर जायाचाय."

बिर्याणी आली. वेटर वेगवेगळ्या ताटांत वाढू लागला, तसे हमीदभाई म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मोठं ताट मधे ठेवा." त्यांच्याकडे सगळे एकाच थाळाभोवती बसून जेवतात.

"अब्बा, इथं नको ना!" शबाना कुजबुजली.

पण त्यांचा हात ताटात गेलाही होता. आजूबाजूचे लोक बघायला लागले. मला अवघडल्यासारखं झालं. त्यांनी मटणाचा मऊ तुकडा हाडावरून सोडवला आणि हळूच अयानच्या बाजूला सारला. थाळात मोठी माणसं पोरांना असंच भरवतात, शेलका तुकडा त्यांच्याकडे सरकवत. तोंडानं कुणी काही म्हणत नाही.

अयाननं आईकडे पाहिलं, मग आजोबांच्या बोटांकडे. चमचा खाली ठेवला. तुकडा तोंडात टाकून त्यानं भाताला हात घातला. अर्धा टेबलावर, अर्धा नॅपकिनवर. दुसरा तुकडा आला. पण ताट मोठं, त्याचा हात पुरेना.

तो खुर्चीवरून उतरला आणि कुणालाही न विचारता हमीदभाईंच्या मांडीवर जाऊन बसला.

त्यानंतर हमीदभाई स्वतः जेवलेच नाहीत. डावा हात पोराच्या पोटाभोवती धरून, उजव्या हातानं नुसते तुकडे सोडवत राहिले.