मैना म्हणते नको!

माणसं रोबॉटशी कशी वागतात, याचा अभ्यास करणाऱ्या विद्यापीठाच्या गटात माझी निवड झाली आणि मी घरी, बिल्डिंगमध्ये, भाजीवालीलासुद्धा एकच सांगितलं, "मी रोबॉट बनवते!"

बनवत कुणीच नव्हतं. तो तयारच आला होता. पाण्याच्या पिंपाएवढा, पांढराशुभ्र, बशीएवढे डोळे. नाव मैना. आणि या मैनेला स्वतःहून एक अक्षर बोलता येत नव्हतं. बोलणारी मी! मागच्या खोलीत बसून कॅमेऱ्यातून समोरच्या माणसाला बघायचं, ऐकायचं आणि उत्तर टाइप करायचं. मैना ते बाईच्या गोड आवाजात म्हणणार. उद्गारचिन्ह टाकलं की दोन्ही हात वर करणार. समोरच्याला वाटणार, काय हुशार मशीन आहे! शेवटी त्याला खरं सांगून टाकायचं, पण तोवर पत्ता लागू द्यायचा नाही.

"किर्ती, बीचमध्ये बाहेर आलीस तर पूरा सेशन बाद," सोनिया मॅडमनी बजावलं. मॅडम गटाच्या प्रमुख, उल्हासनगरच्या सिंधी. त्यांचं मराठी दर तिसऱ्या शब्दाला हिंदीत जाऊन येतं.

पहिला प्रयोग अंबरनाथला, आमच्याच भागातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या हॉलमध्ये होता. मी सामानाच्या खोलीत सतरंज्यांच्या गठ्ठ्यावर ठाण मांडलं. घरी मी कुठे बसणार ते सांगितलं नव्हतं. रोबॉट बनवणारे सतरंज्यांवर बसत नाहीत ना!

पहिले आजोबा आले, खुर्चीत बसले, त्यांनी चष्मा पुसला. मी स्क्रीनजवळ नाक नेलं. आजोबा कसले, आमचे बाबा! सकाळी "जांभूळ गावाला चुलत्याकडे जातो" म्हणून निघालेले हिंदुराव!

"नमस्कार," मी टाइप केलं.

"नमस्कार, नमस्कार!" बाबा खूश. "आमच्या किर्तीनेच तुला बनवलंय म्हणे. पोरगी हुशार आहे का गं खरंच? की उगाच सांगते?"

मी टाइप केलं, "फार हुशार आहे."

मैनेने ते अशा सुरात म्हटलं की मलाच पटलं.

"मग तुला तिच्या मनातलंही माहीत असणार," बाबा खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "रविवारी पाहुणे बोलावलेत. मुलगा विनीत, उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवायचं युनिट आहे त्यांचं. किर्तीला अजून बोललो नाही. भडकेल ती. काय करू?"

पाहुणे! रविवारी! माझे कान लाल झाले. बोटं माझ्या आधी धावली.

"त्यांना नको म्हणून सांगा!!!"

मैनेने तीनदा हात वर केले. पोलिसांनी बंदूक रोखल्यासारखे! बाबा खुर्चीसकट मागे सरकले.

"बाप रे. एवढं नको आहे तिला?"

त्यांनी खुर्ची परत पुढे ओढली. मग हळूच म्हणाले, "काय हवंय मग तिला?"

"पुढे शिकायचंय."

"मग मला का नाही सांगत?"

माझी बोटं थांबली. मैना बशीएवढ्या डोळ्यांनी बाबांकडे बघत राहिली, आणि मी स्क्रीनवरच्या बाबांकडे.

बाबांनी तेवढ्यात फोन काढला आणि थेट विनीतच्या वडिलांना लावला! "रामभाऊ, रविवारचं राहू द्या. मैना नको म्हणते."

"कोण मैना?" रामभाऊंचा आवाज स्पीकरवर फुटला.

"आहे इथे. तिला सगळं कळतं हो. बोला तुम्हीच!" असं म्हणून बाबांनी फोन मैनेच्या तोंडाला लावला. आता गप्प बसावं तर मशीन बिघडलं असं वाटणार. मी टाइप केलं, "नमस्कार. आधी मुलीला विचारायला हवं होतं."

मग रामभाऊ जपून म्हणाले, "हिंदुराव, तुम्ही आहात कुठे? आणि घरी वेणूबाईंना माहीत आहे का हे?" फोन कटला.

दोन मिनिटांत माझा फोन थरथरू लागला. आई!

"किर्ती, तुझे बाबा जांभूळला नाहीत! रामभाऊंच्या घरून फोन आला. ते कुण्या मैनेकडे बसलेत!"

"आई, ते इथेच आहेत," मी कुजबुजले, "आपल्या ज्येष्ठांच्या हॉलमध्ये."

"मैनेबरोबर?"

"हो, पण..."

आईने फोन ठेवला. मी परत लावला, उचलेना. बाहेर जाऊन बाबांना सावध करावं तर सेशन बाद! तिकडे हॉलमध्ये बाबा मैनेला गुडघेदुखीचं सांगू लागले होते. मी "गरम पाण्याने शेका" टाइप करतेय, तोच दारात रिक्षा थांबली. आई आत आली ती पदर खोचूनच.

"आंटीजी, टेस्टिंग चालू है," सोनिया मॅडम आडव्या आल्या.

"तुमचं टेस्टिंग नंतर! कुठेय ती मैना?"

बाबांनी निमूटपणे पिंपाकडे बोट दाखवलं. आईने मैनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग बाबांना. "या वयात," एवढंच म्हणाली आणि शेजारच्या खुर्चीत धपकन बसली.

सेशन तर बादच झालं होतं. मॅडमनी मला हाक मारली. मी सतरंज्यांचा धुरळा झटकत बाहेर आले. मॅडमनी हात जोडून समजावलं, "अंकल, सॉरी. मशीन खुद नाही बोलत. पीछे किर्ती होती. जे तुम्ही ऐकलं, ते सगळं तिचं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मैनेकडे बघितलं आणि ठाम मान हलवली.

"शक्यच नाही मॅडम. इतका वेळ मी बोलत होतो, तिने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. शांतपणे सगळं ऐकून घेतलं. ही आमची किर्ती नव्हे."

"म्हणजे काय बाबा!" मी उसळले. "मी ऐकत नाही का तुमचं कधी? आणि मला न विचारता पाहुणे बोलावता, वर चुलत्याकडे जातो म्हणून थापा मारता, आणि मी काही बोलायला गेले की..."

बाबा मॅडमकडे वळले.

"बघितलंत?"