व्हायोलिनमधली काडी

वकीलबाईने ठरवलं होतं ते एवढंच: आत्याच्या व्हायोलिनच्या जुन्या तारा काढायच्या आणि नव्या लावायच्या. अर्ध्या तासाचं काम. (तिने घरात हाती घेतलेली सगळीच कामं अर्ध्या तासाची असत. स्वयंपाकघरातल्या नळाचं तीन दिवस चाललं होतं.)

वकीलबाई कोर्टात कधी गेलेली नव्हती. ती रसायनशास्त्राची पदवीधर. पण बोलायला लागल्यापासून घरातला एकही मुद्दा तिने विनाविरोध जाऊ दिला नव्हता, म्हणून बाबांनी हे नाव ठेवलं. त्या नावालाही तिचा विरोध होताच.

व्हायोलिन बाबांच्या थोरल्या बहिणीचं. तीस वर्षं ते इथेच, तिच्या माहेरी, कपाटावर पेटीत पडून होतं. आठवड्यापूर्वी वकीलबाई फोनवर बोलून गेली, "आत्या, रविवारी ये. तुझं व्हायोलिन तयार ठेवते. वाजवायचं."

मग आत्या हळूच म्हणाली, "बरं. डाव्या हाताची नखं कापून ठेवते."

आत्याची नखं म्हणजे घराण्याची शान. लांब, निमुळती, रंगवलेली. ती कापली जाणार म्हटल्यावर माघारीचा रस्ताच बंद झाला.

शनिवारी सकाळी टेबलावर चादर अंथरून वकीलबाई कामाला बसली. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले. ते एका कार्यालयात रेकॉर्ड विभागात होते आणि तीस वर्षं फायली शिवत आले होते.

"दुरुस्तीवाल्याकडे नेऊ या का?" बाबा म्हणाले.

"तुमच्या पिढीला प्रत्येक गोष्टीला माणूस लागतो, बाबा."

"माणूस नाही गं. माहिती लागते."

"ती मोबाइलमध्ये आहे."

एवढं बोलून तिने चारही तारा एकदम सोडल्या. तारांखालची लाकडी घोडी आडवी झाली आणि व्हायोलिनच्या पोटात काहीतरी खुळखुळलं. वकीलबाईने ते उलटं धरून दहा मिनिटं हलवलं. (बाबांनी डोळे मिटून घेतले.) शेवटी वरच्या नागमोडी फटीतून एक काडी बाहेर आली. करंगळीएवढी लांब, पेन्सिलीएवढी जाड.

"यात कचरा कोणी टाकलाय?"

बाबांचा चेहरा उतरला. "मी," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"सात वर्षांचा होतो. ताई पहाटे पाचला सराव करायची. वाटलं, आत पेन्सिल टाकली की बंद पडेल."

"मग?"

"मग ती जास्तच चांगलं वाजवायला लागली."

"पण यात शिसं कुठे आहे?"

"पन्नास वर्षांत झिजलं असेल."

रसायनशास्त्राची पदवी असूनही वकीलबाईने हे मान्य केलं, कारण दोषी बाबा ठरत होते. तिने काडी बाजूला टाकली, घोडी उभी केली, नव्या तारा ताणल्या आणि गज फिरवला. गादीखालून कोणीतरी हाक मारावी तसा आवाज आला. वरची फळीही घोडीखाली किंचित दबल्यासारखी दिसायला लागली.

दरम्यान बाबांच्या मनाला टोचणी लागली होती. त्यांनी बहिणीला फोन लावला.

"ताई, एक कबुली द्यायची आहे."

"काय झालं? सगळे बरे आहेत ना?"

"तुझ्या व्हायोलिनमध्ये लहानपणी मी पेन्सिल टाकली होती. आज निघाली."

"वेड्या, ती मी दुसऱ्याच दिवशी काढली. तुझे दात उमटले होते तिच्यावर."

"मग ही कुठली?"

"ही म्हणजे?"

"गोल आहे. करंगळीएवढी."

फोनमधून आत्याचा श्वास ऐकू आला. "टाकून नाही ना दिलीत? आधी तारा सैल करा. ती काडी आत उभी असते, घोडीच्या उजव्या पायाच्या जरा मागे. वरच्या फळीचा भार तीच तोलते आणि आवाजही तिच्यातूनच खालच्या फळीत जातो. ती नसली तर नुसतं खोकं."

"चिकटवतात कशाने?" वकीलबाईने फोन ओढून घेत विचारलं.

"कशानेच नाही. दोन फळ्यांमध्ये तोलावर उभी. मला ते व्हायोलिन मास्तरांनी दिलं, आणि त्यांनाही ते कोणाकडून तरी मिळालं होतं. नव्वद वर्षं झाली असतील."

नव्वद वर्षं, ना खिळा, ना गोंद. आणि तिने ती दहा मिनिटांत हलवून पाडली. वकीलबाईने फोन बाबांच्या हातात दिला आणि काडी शोधायला धावली. टेबलावर नव्हती. चादरीत नव्हती. ती गॅलरीतल्या कुंडीत टोमॅटोच्या रोपाला टेकू देत उभी होती, वर दोऱ्याची गाठ.

"चांगली होती," आई म्हणाली. "वाया कशाला घालवायची?"

तारा सैल केल्या, काडी पुसून वाळवली. ती आत नेऊन उभी करायला लांब, वाकडं काहीतरी हवं होतं. बाबांनी फायली शिवायचं दाभण आणलं आणि त्याचं टोक वाकवलं. काडी त्यावर टोचून वकीलबाईने फटीतून आत घातली. पडली. पुन्हा घातली. पुन्हा पडली. विसाव्यांदा पडली तेव्हा बाबा म्हणाले, "हं."

"हं म्हणू नका."

"मी श्वास घेतला. खालचं बटण काढून आत बघ ना."

बुडाशी तारांची पट्टी अडकवायचं बटण होतं. ते ओढून काढल्यावर वाटाण्याएवढं भोक मोकळं झालं. तिने डोळा लावला.

आत तिला धूळ अपेक्षित होती. आत एक लांबलचक दालन होतं. मधाच्या रंगाच्या भिंती, होडीसारखा बाक, आणि छतातल्या दोन फटींतून उतरलेलं ऊन जमिनीवर नागमोडी सांडलेलं. उजवीकडे लाकडावर एक छोटा, फिकट गोल डाग दिसत होता. काडी नव्वद वर्षं तिथेच उभी होती.

"बाबा, दाभण तुम्ही धरा," तिचा आवाज एकदम खाली आला होता. "मी बघून सांगते. डावीकडे. अजून थोडं. खालचं टोक मागे." आणि मग तिने बाबांना जन्मात कधी म्हटलं नव्हतं ते म्हटलं, "बरोबर."

काडी उभी राहिली. तिघांनी आळीपाळीने डोळा लावून पाहिलं. आई सगळ्यात जास्त वेळ बघत होती. "आत कोणी बघणार नाही, हे माहीत असून किती निगुतीने घासलंय बघ," ती म्हणाली.

रविवारी आत्या आली. नखं अगदी मुळापर्यंत कापलेली, त्यामुळे तिची बोटं कुणा शाळकरी मुलीची वाटत होती. तिने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं. पहिले दोन सूर बिचकले. तिसरा मात्र खोलीच्या चारी कोपऱ्यांत जाऊन उभा राहिला, आणि टेबलावरचा पाण्याचा पेला अगदी बारीक थरथरला. मग ती वाजवतच राहिली. त्या एवढ्याशा काडीतून हे सगळं येतंय, हे वकीलबाईला कळत होतं आणि तरीही पटत नव्हतं.

वाजवणं थांबलं. वकीलबाईने तोंड उघडलं. काही आलं नाही, म्हणून मिटलं.

आत्या घाबरली. "हिला बरं नाही का रे?"

बाबांनी लेकीच्या कपाळावर हात ठेवून पाहिला. "ताप तर नाही."

आईने खुर्ची पुढे ओढली आणि पदर सावरून नीट बसली. "वन्सं, थांबू नका," ती म्हणाली. "बावीस वर्षांत पहिल्यांदा गप्प झालीय. तेवढंच अजून थोडं वाजवा."