वच्छलाबाईंची खळ

लग्नाला वर्ष व्हायच्या आत मी बकरीला एक गोधडी खाऊ घातली. अख्खी नाही, उगाच कशाला फुगवून सांगू. दोन कोपरे आणि मधला थोडा भाग. थोरल्या जाऊबाईंनी गोधडीचा वरचा पदर जोडून ठेवला होता आणि मला त्याला खळ लावायला सांगितली होती. खळ म्हणजे कापड ताठ करायची पातळ पेज. मी माहेरी दहावी पास झालेली. पेज कशी करतात हे मला कोण शिकवणार? तांदूळ शिजवले, गाळले, मूठभर मीठ टाकलं, चाखून पाहिलं आणि आणखी चिमूटभर टाकलं. पदर त्यात बुडवून गोठ्याजवळच्या तारेवर वाळत घातला. माझ्या हातची चव बकरीला फार आवडली.

जाऊबाई ओरडल्या नाहीत. तारेवर उरलेलं पाहिलं, बकरीकडे पाहिलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "खळ खायाची नसते व."

त्या वच्छलाबाई. आता त्यांनी ऐंशी ओलांडली, मी सत्तरी. धामणगाव बढे इथे आमची दोन घरं एकाच भिंतीला टेकून आहेत. चुली वेगळ्या झाल्या, भिंत काही वेगळी करता आली नाही. त्यामुळे पलीकडे काय उकळतंय ते मला इकडे वासाने कळतं. पलीकडे बहुतेक वेळा खळच उकळत असते.

वच्छलाबाईंचा नियम एकच: कापड उभं राहिलं पाहिजे. सुती साडी धुतली की खळ, खळ वाळली की इस्त्री, आणि इस्त्री झाली की घडी ओट्यावर कडेवर उभी करून ठेवायची. पडली तर पुन्हा पाण्यात. त्यांची साडी आधी दारात येते, मग त्या येतात. बसल्या की पापड मोडल्यासारखा आवाज होतो आणि खाटेखालची मांजर उठून जाते. एसटीत त्यांच्या शेजारची बाई न सांगता सरकून बसते.

माणसांनाही त्या हीच परीक्षा लावतात. नातीला, मयुरीला पाहायला पहिला मुलगा आला तेव्हा सगळ्यांना तो पसंत पडला. तो 'हो' शिवाय काही बोललाच नाही, मग नापसंत कशाला करायचा? तो गेल्यावर वच्छलाबाईंनी निकाल दिला. "पोट्टा गोरागोमटा हाय, पन त्याच्यात खळ नाई." दुसऱ्याने बसल्या बसल्या सांगितलं की तुमची खुर्ची हलते. मयुरी त्याच्याबरोबर पुण्याला गेली.

मागच्या वर्षी मयुरीला दिवस गेले आणि आमच्या दोन्ही घरांत हालचाल सुरू झाली. आमच्याकडे नव्या बाळाची पहिली गोधडी घरातली सगळ्यात थोरली बाई शिवते. तिच्याने नाही झालं की मान पुढच्या बाईकडे जातो. पुढची बाई मी. किती तरी बाळं माझ्या डोळ्यांसमोरून वच्छलाबाईंच्या गोधडीत गुंडाळून गेली आणि मी दर वेळी तोंडभर कौतुक करून मनातल्या मनात त्यांचं वय मोजलं. वाईट वाटून घेऊ नका, ते मोजून मोजून माझंही वाढलं.

या वेळी मयुरीने गोधडी वेगळी मागितली. फोनवर चित्र पाठवलं: मधोमध चांदणी, तिची आठ टोकं एका ठिपक्यात येऊन भेटतात. सगळे तुकडे तिरपे कापायचे. उभं-आडवं कापलेलं कापड शहाण्यासारखं वागतं. तिरपं कापलं की ओढाल तिकडे जातं, आणि टोकं भेटायच्या ऐवजी एकमेकांना ओलांडून जातात. म्हणून कापायच्या आधीच कापड ताठ करायचं. त्यासाठी मयुरीने कापडासोबत फवाऱ्याच्या दोन बाटल्या पाठवल्या. एकीत तयार खळ होती. दुसरीत तिचाच हलका प्रकार, ज्याला ती साइझिंग म्हणाली. त्याने कापडावर पांढरी भुकटी धरत नाही म्हणे.

वच्छलाबाईंनी दुसरी बाटली एका चिंधीवर मारली, इस्त्री फिरवली आणि चिंधी ओट्यावर उभी केली. चिंधी आडवी झाली. "हे तुयावानी हाय सुमे," त्या मला म्हणाल्या. "वास चांगला, जोर नाई."

मग परीक्षा सुरू झाल्या. तांदळाच्या पेजेने चिंधी उभी राहिली, पण निळ्या कापडावर पांढरे पापुद्रे धरले आणि दुपारपर्यंत मुंग्या आल्या. मैद्याच्या खळीने चिंधी इस्त्रीच्या पोटाला चिकटली ती सुरीने खरवडावी लागली. विकतची खळ एकदा मारली तर चिंधी लवली, दोनदा मारल्यावर बरी उभी राहिली. मयुरी फोनवर म्हणाली, आजी, एवढं पुष्कळ झालं, याहून कडक कोणी करत नाही. वच्छलाबाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि पुढची चिंधी घेतली. ओट्यावर चिंध्यांची रांग लागली. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून त्या विचारत, यातली कोणती जास्त ताठ? दूधवालाही सुटला नाही.

मी सगळ्यांना सांगत सुटले की बाईंना आता खळीचं वेड लागलं. पोटात मात्र वेगळंच होतं. परीक्षा चालू राहिल्या तर गोधडी होणार नाही, आणि गोधडी झाली नाही तर मान माझा.

एका दुपारी पलीकडे फार वेळ शांत होतं. आपली पाळी आली का पाहू, म्हणून मी मागच्या दारातून डोकावले. वच्छलाबाई खाली बसल्या होत्या. समोर मयुरीचं निळं कापड, विकतच्या खळीचं. त्यांनी डाव्या हाताने ते दाबलं, उजव्या हातात कात्री घेतली आणि कात्रीचं टोक थरथरायला लागलं. हात थांबेपर्यंत त्या थांबल्या. पुन्हा टोक टेकवलं. कापड कात्रीबरोबर हललं आणि काप वाकडा गेला. तो तुकडा त्यांनी कमरेला खोचला. कमरेला आधीच बरेच तुकडे खोचलेले होते.

मग त्यांनी शिळ्या तांदळाच्या पेजेची ती पापुद्र्याची चिंधी घेतली. ती पत्रिकेच्या कागदासारखी कडक होती. हात हलला तरी जागची हलली नाही. त्यांनी ती सरळ कापली, आणि कापून झाल्यावर कितीतरी वेळ हातात धरून बसल्या.

मी आल्या पावली मागे फिरले. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते पुढ्यात आलं होतं, आणि मला ते नकोसं झालं. घरी येऊन मी साबुदाणा भिजत घातला.

दुसऱ्या दिवशी तो पाण्यात पार विरघळेपर्यंत शिजवला, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळला, ताकाहून पातळ केला. चौकातल्या न्हाव्याकडून फवाऱ्याची नवी बाटली आणली. त्याने विचारलं, आजी, कोणाचे केस कापता? मी म्हटलं, जाऊबाईंचे. मग निळ्या कापडाच्या तुकड्यावर हलका फवारा मारला, तो आत मुरू दिला, कोरडी इस्त्री फिरवली. पुन्हा फवारा, पुन्हा इस्त्री. तीनदा केल्यावर कापडाला ना पापुद्रा, ना डाग. ओट्यावर उभं केलं तर वाऱ्यातही उभं राहिलं.

ते घेऊन मी पलीकडे गेले आणि म्हटलं, "बाई, मले हल्ली मऊ कापड नीट दिसतच नाई. असं कडक असलं त कडा दिसते. तुमी कापा, मी समोरून धरून पाहते, मलेही शिकता येईन."

माझे डोळे अजून सुईत दोरा ओवतात, हे सगळ्या आळीला माहीत आहे. वच्छलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं. टिचकी मारून त्याचा आवाज ऐकला. "मीच कापीन," त्या म्हणाल्या. मी समोर बसून कापड दाबून धरलं. काप सरळ गेला.

तेव्हापासून मी रोज जेवण झालं की जात असे, डोळ्यांची तक्रार करत असे आणि धरत असे. टाके त्यांनीच घातले. कडक कापडावर सुईही सरळ जाते. आठवं टोक मध्ये येऊन भेटलं त्या दिवशी त्यांनी गूळ-शेंगदाणे काढले आणि पोस्टमनलाही चांदणी दाखवली. मग आत जुन्या साडीचा थर घालून त्यांनी गोधडी पुरी केली आणि कोमट पाण्यात धुतली. सगळी खळ निघून गेली. गोधडी सायीसारखी मऊ झाली आणि टोकं जागची हलली नाहीत.

बारशाला पुण्याहून मयुरीच्या सासूबाई आल्या. गोधडी उलटीसुलटी करून त्यांनी विचारलं, कुठल्या दुकानातून घेतली? वच्छलाबाई पदर सावरून उभ्या राहिल्या. पदर चांगला वाजला. त्या म्हणाल्या की दुकान त्यांच्या दोन गुडघ्यांमध्ये आहे आणि ते अजून बंद झालेलं नाही. सगळी बैठक हसली. सासूबाईंनी तिथल्या तिथे त्यांच्या पाया पडून घेतलं. वच्छलाबाईंचा तो चेहरा मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता.

पाहुणे गेले. बाळ चांदणीखाली झोपलं होतं. आम्ही दोघी ओट्यावर बसलो. त्यांनी हात पदराखालून बाहेर काढून मांडीवर ठेवले, पहिल्यांदाच, आणि ते थरथरत होते तसे थरथरू दिले. मीही दुसरीकडे पाहिलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "सुमे, तू लय खोटं बोलते. उद्याही येत जाय."